उजव्या हाताच्या बांगड्या

१

दुपारची जेवणं आटोपली की वेणूबाई जाळ्याच्या खोलीत बसायची. खोली म्हणायचं एवढंच. घराच्या पाठीला चिकटवलेली छपरी ती. कुडाच्या भिंती, एक ठेंगणं दार आणि सगळीकडे सुक्या बोंबलांचा वास. भिंतीतल्या खुंटीला सुताचं टोक बांधायचं, लाकडी सुई हातात घ्यायची आणि गाठीला गाठ मारत जायचं. हे काम हात करतात, डोक्याला मोकळीक असते. वेणूबाईचं डोकं त्या मोकळिकीचा पुरेपूर फायदा उठवायचं आणि झोपून जायचं.

त्या दुपारी तिला जाग आली तेव्हा तोवर विणलेलं जाळं मांडीवर नव्हतं. मांडीवर नुसतं सूत होतं, सरळ आणि गुळगुळीत, जसं बाजारातून आणलं होतं तसं.

आधी तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. चाळिशी उलटली, नजर गेली, आता गाठी मारल्या असं स्वप्नात बघून समाधान मानायची पाळी आली. मग तिनं सुताचं टोक शोधलं. ते खुंटीला बांधलेलं होतं. दुसरं टोक सुईत होतं आणि सुई तिच्या मुठीत. जाळं उसवायचं तर हीच सुई प्रत्येक गाठीतून उलटी काढत न्यावी लागते. झोपेत मारलेल्या गाठी झोपेतच उसवणारी बाई दिघीच्या खाडीवर अजून जन्माला आली नव्हती, आणि वेणूबाईला आपल्या कर्तबगारीचा एवढा भरवसा नव्हता.

तिच्या अंगावर काटा आला तो मात्र वेगळ्याच कारणानं. असं सूत तिनं आधी एकदा पाहिलं होतं.

नारळी पुनवेनंतर घरचा मचवा मासेमारीला पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा कान्हा, मचव्याचा तांडेल, भर उन्हात खणात उतरला. खण म्हणजे मचव्याचं पोट, जाळी ठेवायची लाकडी पेटीच जणू. वर एक झाकणफळी, दुसरी वाट नाही. जाळ्यावर जुनं शीड अंथरून तो आडवा झाला. भावकीतल्या गुणाजीनं त्याच्यावर ऊन नको म्हणून झाकण ओढलं आणि त्याच झाकणावर बसून विडी पेटवली. दर्या तेलासारखा शांत होता. खाडीच्या तोंडाशी येऊन गुणाजीनं झाकण उचललं, तर आत कान्हा नव्हता. शीड नव्हतं. जाळं होतं, पण त्यात एकही गाठ नव्हती.

गावानं ठरवलं, गुणाजी प्यायला होता आणि कान्हा बुडाला. गुणाजी बिचारा तेव्हापासून खरंच प्यायला लागला.

२

“अवसेला करून टाकू, वेणू,” कृष्णाबाई म्हणाली. ती कान्ह्याची थोरली बहीण. दारात उभी राहिली की उजेड अडायचा, आणि बोलायला लागली की बाकीच्यांचं बोलणं.

“काय करून टाकू, आक्का?”

“काय म्हंजे? बांगड्या उतरवायच्या. किती दिस अशी बसशील? आणि गुणाजी म्हनतो, मचवा पण फोडतो. कुनी पाय ठेवीत न्हाय त्यात. सरपन तरी हुईल.”

वेणूबाईनं सुई खाली ठेवली. बांगड्यांचं तिला ठाऊक होतं, आज ना उद्या हे येणारच होतं. पण मचव्याचा तिनं विचारच केला नव्हता. माणूस ज्या खणातून गेला तो खणच फोडला तर परत यायचा कुठून? हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. वेड लागलं म्हणून पालीच्या देवाला नवस बोलले असते आणि तिलाच चालत पाठवलं असतं.

“निम्म्याच तर बांगड्या हायत माझ्याकडं,” ती हळूच म्हणाली. “निम्म्या दर्याकडं. तुम्हीच धरून नेलं व्हतं मला.”

ते खरं होतं. त्यांच्याकडे लग्न झालं की नवरी उजव्या हाताच्या बांगड्या काढून दर्याला देते. ह्या घे, आणि माझ्या माणसाला सांभाळ. मग जन्मभर बांगड्या डाव्याच हातात. उजवा मनगटापासून उघडा. वेणूबाई तेव्हा एवढीशी होती, गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती, कारण त्या बांगड्या तिला फार आवडल्या होत्या. हिरव्याकंच, वर पिवळे ठिपके. कासारानं तिचं मनगट बोटांनी चाचपून मापाच्या म्हणून काढल्या होत्या.

“दर्यानं सबूद मोडला,” कृष्णाबाई म्हणाली. भाऊ तिचा होता. “त्याला जाब कोन इचारनार?”

“मी इचारीन.”

“तू? मेल्ये, बाजारात बोंबील इकताना तुझं तोंड उघडत न्हाय. गिऱ्हाईक भाव पाडतं आणि तू वर मूठभर सुके सोडे घालतेस. तू दर्याशी भांडनार?”

वेणूबाईनं सुई परत उचलली. सोड्यांचं खरं होतं.

३

दुसऱ्या दिवशी तिनं झोपायचं नाही असं ठरवलं. खोलीचं दार आतून लावलं. कुडाच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, त्यात धूळ तरंगत होती. लांबून भरतीचा आवाज. वेणूबाई गाठी मारत होती आणि प्रत्येक गाठीकडे टक लावून बघत होती. चोरावर नजर ठेवावी तशी.

गाठी सुटल्या नाहीत. तिला जरा फजिती झाल्यासारखं वाटलं. एवढं डोळे फाडून बसले आणि—

‘टिण.’

काचेचा आवाज. दगडावर बांगडी पडते तेव्हा येतो तो.

तिनं खाली पाहिलं. जमिनीवर एक बांगडी उभीच्या उभी गरगरत होती. मग आडवी होऊन थांबली. अख्खी. कुठं तडा नाही.

वेणूबाईनं डावा हात वर केला. बांगड्यांच्या मध्ये एक फट पडली होती. कडेची गेली नव्हती, मधली गेली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या जागच्या जागी होत्या.

आता डोकं चालवायला हवं होतं, आणि तिनं ते इमानेइतबारे चालवलं. काळजीनं हात सुकला असेल? तिनं ती बांगडी परत घालून पाहिली. अंगठ्याच्या सांध्यावर अडली. खोबरेल लावलं, साबण लावला. हात लाल झाला, बांगडी तसूभर पुढं सरकेना. हा हात गेली कित्येक वर्षं सुखात वाढलेला होता. सुकण्याचं नाव नव्हतं. बरं, हात सुकलाच असता तरी कडेच्या आधी मधली कशी निघेल?

तेवढ्यात तिला वाटलं, खोलीत जागा जास्त आहे. भिंती होत्या तिथंच होत्या, छप्पर हाताला लागेल इतकं खाली होतं. पण भरतीचा आवाज दारातून येत नव्हता, मागूनही नव्हता, वरून तर नाहीच. तो अगदी जवळून येत होता, आणि ज्या बाजूनं येत होता त्या बाजूकडे तिला मान वळवताच येईना. मान सगळीकडे वळत होती, तिथं सोडून.

वेणूबाईनं बांगडी कनवटीला लावली, दार उघडलं आणि धावत नाही असं दाखवत बाहेर धावली.

४

नजमुद्दीन मास्तर मुंबईच्या शाळेत गणित शिकवून आता गावी येऊन राहिले होते. त्यांच्याकडे पुष्कळ ज्ञान होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. बायको जहुरा त्यांनी तोंड उघडलं की उठून चुलीकडे जायची. त्यामुळे मासळी द्यायला आलेली वेणूबाई नेहमी त्यांच्या तावडीत सापडायची. आज ती आपल्या पायांनी आली होती, रिकाम्या टोपलीनं.

तिनं सगळं सांगितलं. मास्तरांनी बांगडी उन्हात धरून पाहिली. हसले नाहीत. त्यांचं हसू बघायची तयारी करून आलेल्या वेणूबाईला तेच जास्त भीतिदायक वाटलं.

“खाडीच्या चिखलात पोरं काड्यांचं कुंपण करून निवट्या कोंडतात, बघितलंस ना?” ते म्हणाले. “समज, त्या मासळीला फक्त चिखल माहीत हाय. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. वर म्हणजे काय, तिच्या अकलेतच नाय. आता बगळ्यानं वरून चोच घातली आणि एक उचलली. बाकीच्या काय बोलतील?”

“कुंपन तर बंद हाय, गेली कुठं?”

“शाबास. तशी समज आपल्यालाही एक बाजू हाय. डावी नाय, उजवी नाय, वर नाय, खाली नाय. आपल्याला तिकडं बघताच येत नाय. तिकडून बघणाऱ्याला मात्र आपली बंद पेटी उघडीच. बांगडी न फोडता निघेल. दोन्ही टोकं धरलेली गाठ सुटेल. तिकडं सुताची गाठ बसतच नाय, वेणूबाय. सटकते.”

“म्हंजे ह्यांना बगळ्यानं नेलं?”

“बगळा बोललो नाय मी. बाजू बोललो.”

वेणूबाईनं बांगडी परत कनवटीला लावली. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग तिनं जे विचारायला आली होती ते विचारलं.

“तिकडं जीव जगतो का, मास्तर?”

मास्तर हाडाचे शिक्षक. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, हीच सवय. “नाय. नसणार. बघ, पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती इथं. तिकडं सूर्याची ओढ अशी काय असेल, की जरा ढळली तर आत पडेल नायतर कायमची भरकटेल. नांगर धरायचाच नाय कशाचा. आणि जिथं गाठ बसत नाय तिथं शिरा, आतडी, माणसाचं हे सगळं गाठोडं एकत्र राहील कसं? जीव म्हणजे शेवटी बांधून ठेवलेलीच चीज ना?”

बोलून झाल्यावर त्यांना समजलं आपण कुणाशी बोललो ते.

आतून जहुरा तरातरा बाहेर आली. “अल्लाह! बाई नवऱ्याचं इचारते आणि तुम्ही तिला हिशोब शिकवताव?” तिनं वेणूबाईच्या हातात चहाची बशी दिली. “त्यांचं मनावर घेऊ नको गो. माझ्या निकाहच्या दिवशी पाऊस पडनार नाय म्हणून हिशोब केला व्हता ह्यांनी. मांडव वाहून गेला.”

वेणूबाई हसली. बशी मात्र तिनं तशीच खाली ठेवली.

५

अवसेच्या सकाळी मचवा वाळूवर ओढला. गुणाजी कुऱ्हाड घेऊन आला होता. नारळीच्या सावलीत कृष्णाबाई आणि चार बायका बसल्या होत्या. कृष्णाबाईच्या पदराखाली बांगड्या फोडायचा दगड होता. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तिकडे बघत नव्हतं.

“आधी खण रिकामा करते,” वेणूबाई म्हणाली. “आत माझं सूत हाय.”

गुणाजीनं झाकण उचललं आणि तसंच हातात धरून राहिला.

खणात शीड होतं. कान्ह्यानं अंगाखाली घेतलेलं, तिनं स्वतः ठिगळं लावलेलं जुनं शीड. काल संध्याकाळी गुणाजीनं खण पाहिला होता तेव्हा ते नव्हतं, असं त्यानं पोराबाळांची शपथ घेऊन सांगितलं. ओढून वाळूवर टाकलं तर त्याच्या मधोमध गाठ होती. माणसाच्या डोक्याएवढी. शिडाचे चारही कोपरे मोकळे, कडा मोकळ्या, त्यातलं काहीच गाठीत गेलेलं नाही. मधलंच कापड मधल्याच कापडात शिरलं होतं आणि न फाटता दुसरीकडून बाहेर आलं होतं. बघता बघता डोळे दुखायला लागत. एक बाई उठून लांब जाऊन बसली.

मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले. वाळूत गुडघे टेकून त्यांनी गाठ चाचपली. चष्मा काढला, पुसला, परत चाचपली. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

“मी सुताचाच विचार केला,” ते म्हणाले. “सुताची गाठ तिकडं सटकते. पण कापडाची बसेल! आपल्याकडं जशी दोरी, तसं तिकडं कापड. माझं चुकलं, वेणूबाय. तिकडंही बांधून ठेवता येतं. अल्लाह करो, माझं सगळंच चुकलेलं असो.”

“म्हंजे जीव जगतो?”

“जगू शकतो. आणि…” मास्तर थांबले. त्यांनी गाठीवरचा हात हळूच काढून घेतला. “ही आपोआप पडलेली गाठ नाय. ही कुणीतरी मारलीय.”

गुणाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली, फार सांभाळून, तिचा आवाज होऊ नये अशी.

वेणूबाई घाबरली होती. पण भीतीच्या खालून एक भलतीच गोष्ट वर येत होती, आणि ती ओळखायला तिला जरा वेळ लागला. तो आनंद होता. तिकडे कुणीतरी आहे. म्हणजे रिकामा दर्या नव्हे, समोर गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाशी बोलता येतं.

“गुणाजी,” ती म्हणाली, “हे शीड घेऊन मी आत उतरते. त्या दिवशी बसला व्हतास तसा झाकणावर बस. आणि विडी पेटव.”

“येडी झालीस?” कृष्णाबाई ओरडली.

“व्हय, आक्का. पन दगड जरा जपून ठेवा. मी आले न्हाय तर मचव्यावर मारा.”

६

झाकण पडलं. फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेघा आत येत होत्या. मासळीचा आणि डांबराचा वास. वरून विडीचा.

वेणूबाईनं शिडाचा एक कोपरा डाव्या हाताला गुंडाळला. गाठ मांडीवर घेतली. उजवा, उघडा हात पुढं केला.

समोरची फळी वीतभरावर होती. तरी हात पुढं जात राहिला. कोपर सरळ झालं, खांदा ताणला गेला, आणि फळीला बोट लागलं नाही. तिनं पाहिलं तर मनगटापुढे हात नव्हता. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. बोटं हलवली तर हलत होती, कुठंतरी, ऊबदार जागेत.

‘मचवा वाळूवर हाय,’ ती स्वतःला समजावू लागली. ‘बाहेर ऊन हाय. आक्का बसल्यात. फळी जुनी हाय, कुजली असंल, हात आरपार गेला असंल.’ हे तिला बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की भरतीचा आवाज परत त्याच बाजूनं येतोय, आणि ती भरती नाही. श्वास आहे. एवढा लांब की आत घेतलेला केव्हा संपला नि सोडलेला केव्हा सुरू झाला ते समजू नये.

तिच्या तोंडासमोर हवेत एक गोळा आला. बोराएवढा, ओला, कातडीच्या रंगाचा. कशाला टेकलेला नव्हता. मग दुसरा आला, आणखी आले, वेगवेगळे, एकमेकांपासून दूर. ते फुगले. एकमेकांना भिडले आणि त्यांचा एकच मोठा गोळा झाला. त्यावर बारीक रेषा होत्या, तळहातावर असतात तशा.

वेणूबाईनं डोळे मिटले. तेवढं शहाणपण तिला होतं.

तिच्या उघड्या मनगटाला काहीतरी लागलं. मनगटाभोवती फिरलं, दाबलं, सोडलं, परत दाबलं. ती थिजली. ही ओळखीची चाचपणी होती. लग्नात कासारानं माप घेतलं होतं तश्शी. फरक एवढाच, की हे कातडीवरून फिरत नव्हतं. हाडावरून फिरत होतं, आतून.

तिची दातखीळ बसायची वेळ आली होती, पण तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा, सौद्याच्या वेळी.

“माझंच मनगट हाय,” ती म्हणाली. “बग नीट. ह्याच्यातल्या बांगड्या तुझ्याकडं हायत. मी फुकट न्हाय दिल्या. माझा माणूस सांभाळायला दिल्या. सांभाळलास तर दाखव. न्हाय तर बांगड्या परत कर, सगळ्या, आत्ताच्या आत्ता. वर मूठभर सोडे मिळणार न्हायत!”

चाचपणी थांबली.

श्वासही थांबला.

मग मांडीवरची गाठ हलली. ती सुटत नव्हती, सरकत होती. कापड तिच्या मांडीवरून त्या न दिसणाऱ्या बाजूला जाऊ लागलं, सळसळत, आणि डाव्या हाताला हिसका बसला. पलीकडून कुणी ओढत होतं. वेणूबाईनं दोन्ही पाय फळीला लावले. उजवा हात मागं घेतला, तो आला, बोटांसकट, आणि तिनं दोन्ही हातांनी शीड धरून मागं ओढलं. जाळं भरून आल्यावर ओढतात तसं, पाठीनं, पोटानं, अख्ख्या जन्माच्या जोरानं.

वर गुणाजीची विडी त्याच्या लुंगीत पडली.

७

झाकण आतून उडालं. गुणाजी वाळूत पडला. खणातून आधी वेणूबाईचा विस्कटलेला अंबाडा वर आला, मग शीड, सरळ, सपाट, एकही गाठ नसलेलं, आणि शिडाला दोन्ही मुठींनी धरलेला कान्हा.

बायकांनी किंकाळी फोडली. मास्तर मोठ्यानं रडत होते आणि आपण रडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. कृष्णाबाई धावत आली, भावाचा चेहरा हातात धरला आणि दचकून मागं सरली.

“ह्याची करंगळी,” ती म्हणाली.

कान्ह्याची डावी करंगळी पूर्वी दोरात सापडून तुटली होती. ती आता होती, अख्खी. उजवी नव्हती. भांग दुसऱ्या बाजूला, गालावरचा तीळही. आरशातला कान्हा आरशातून उतरून आला होता.

सगळे पाऊलभर मागं झाले. वेणूबाई झाली नाही. तिनं त्याच्या छातीला डाव्या बाजूला कान लावला. आत काही नव्हतं. अगदी शांत. त्या शांततेत तिला आपलंच काळीज ऐकू आलं.

मग तिनं कान उजवीकडे लावला.

धड, धड, धड.

“जिवंत हाय!” ती ओरडली. कोळीवाड्यानं तिचा एवढा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. “आक्का, जिवंत हाय! काळीज नुसतं शेजारी राहायला गेलंय!”

“वेणू,” कान्हा म्हणाला. “आतून हात लावतात गो. सगळं आतून. पन सांभाळून. लई सांभाळून.” यापुढं तो त्याबद्दल कधीच काही बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

कृष्णाबाई त्याच्या हाताकडे बघत होती. आता सगळ्यांनीच पाहिलं. तांडेलाच्या त्या जाड, काळ्या, केसाळ मनगटात हिरव्याकंच बांगड्या होत्या, वर पिवळे ठिपके. एवढ्याशा. नवऱ्या मुलीच्या मापाच्या. त्याचा पंजा त्यांतून कधीच गेला नसता. कुठं सांधा नाही, कुठं तडा नाही.

वेणूबाईनं त्यांवरून बोट फिरवलं. गुडघाभर पाण्यात रडणारी एवढीशी पोर तिला आठवली. तिला सांगावंसं वाटलं, रडू नकोस, फुकट नाही गेल्या.

“आक्का,” ती म्हणाली, “दगड हाय ना पदराखाली? मग सांगा, आता कुणाच्या उतरवायच्या? माझ्या का तुमच्या भावाच्या?”

कृष्णाबाईनं दगड काढला आणि सगळ्या ताकदीनं दर्यात भिरकावला. मग मटकन वाळूत बसली आणि हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कान्हा तांडेल पुढं म्हातारा होईपर्यंत त्या बांगड्या घालूनच दर्यावर गेला. बाजारात पोरं हसायची. त्याच्या मचव्याला मात्र कधी काही झालं नाही. वेणूबाईनं मासळीचा भाव करायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकं तिला चळचळा कापायला लागली.

अजूनही कधी दुपारी, दोघं जाळ्याच्या खोलीत बसलेली असताना, कान्ह्याचा हात मांडीवर स्थिर असतो आणि त्यातल्या बांगड्या आपोआप फिरतात. हळूच, एकेक. कुणीतरी चाचपून बघावं तशा. कान्हा बोलायचा थांबतो. भरतीचा आवाज नको त्या बाजूनं येतो.

वेणूबाई सुई खाली ठेवत नाही. मानही वळवत नाही. वळवायची कुठं हा प्रश्नच असतो.

“हायत, हायत,” ती म्हणते. “सगळ्या हायत. मोजून घे, आणि तुझ्या कामाला लाग.”

आणि पुढची गाठ मारते. ती बसते.